चौऱ्याऐंशीवी मेंढी

मी नगरला राहतो आणि कर्जतकडच्या माळरानावरल्या लांडग्यांचा अभ्यास करतो. लांडगा काय खातो, किती खातो, हे लिहून ठेवणं हे माझं काम. मोजण्याची सवय घरीही सुटत नाही. गॅसची टाकी कुठल्या तारखेला लावली हे मी तिच्यावरच खडूनं लिहितो. बायको म्हणते, "लांडग्यांना कळलं तर तालुका सोडून जातील."

गेल्या हिवाळ्यात माळाच्या कडेला, ओढ्याच्या दरडीत, एका लांडगिणीनं पिल्लं घातली. समोरच्या काठावरून दुर्बिणीतून मी ती मोजली. चार. गावाला ते बीळ माहीत होतं, पण यंदा एकही मेंढी गेली नव्हती म्हणून कुणी हात लावला नव्हता. फाट्यावरच्या चहावाल्यानं मला बजावलं होतं, "साहेब, एका मेंढराला जरी तोंड लावलं, तर बीळ राहनार न्हाई."

बिळापासून हाकेच्या अंतरावर एका धनगर कुटुंबानं शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. रात्रभर मेंढ्या शेतात बसल्या की जमिनीला खत मिळतं. कळपाचा कारभार सुनेच्या हातात. मी तिला मेंढ्यांचा आकडा विचारला.

"मेंढरं मोजायची नसत्यात, साहेब. दिष्ट लागती."

"मग एखादी कमी झाली तर कळतं कसं?"

"तुमच्या घरातलं मानूस कमी झालं, तर तुमी मोजून बघता व्हय?"

मी स्वतःच मोजायचं ठरवलं. दिवस मावळता मावळता मेंढ्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्या काळ्या. दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा चौऱ्याऐंशी. सकाळी पुन्हा दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा त्र्याऐंशी. सून पाण्याला गेली होती, म्हणून तिला विचारता आलं नाही. मी आकडा वहीत लिहिला आणि चहाला फाट्यावर गेलो.

"काय साहेब, काय नवीन?" चहावाल्यानं विचारलं.

मी खरं ते लपवत नाही. म्हणालो, "रात्रीत एक मेंढी कमी झाली." लांडग्यानंच नेली असं पुराव्याशिवाय म्हणता येणार नाही, हेही मी सांगितलं, पण तोवर बाकडी रिकामी झाली होती. सर्वांत आधी उठला तो त्या सुनेचा म्हातारा सासरा. अंगावर काळी घोंगडी, हातात काठी. "माझं मेंढरू खाल्लं?" म्हणत तो निघाला आणि मागून चहावाल्यासकट आठ माणसं. बाभळीच्या वाळल्या फांद्या बिळात कोंबून पेटवायचं वाटेतच ठरलं आणि फांद्याही गोळा झाल्या. मी हात जोडत पुढं पुढं पळत होतो आणि मनात एकच आकडा होता, चार.

शेताच्या बांधावर डोक्यावर हंडा घेतलेली सून समोरून आली. "काय झालं?"

"मेंढी गेली," मी म्हणालो.

"कंची?"

"ते माहीत नाही. चौऱ्याऐंशी होत्या, त्र्याऐंशी आहेत."

तिनं हंडा उतरवला आणि वाघरीवरून एकदा नजर फिरवली. मला चष्मा पुसायला याहून जास्त वेळ लागतो. "समद्या हायेत. एकबी कोकरू वरडंना. माय गेली असती, तर कोकरानं रान डोक्यावर घेतलं असतं."

"पण मी दोनदा मोजल्या!"

मग तिनं पदर तोंडाशी धरून सासऱ्याला विचारलं, "मामंजी, काल सांजच्याला तुमी कुटं बसला हुता?"

"मेंढरातच की. लई गार वारं सुटलं हुतं."

"घोंगडी डोक्यावरनं?"

"मग काय पायावरनं घेऊ?"

पहिला हसला तो चहावाला. फांद्या खाली पडल्या. म्हातारा मात्र काठी माझ्याकडे रोखून म्हणाला, "मला मेंढरात धरलं?"

"आबा, तुमाला नेलं असतं, तर लांडग्यालाच दवाखान्यात न्यावं लागलं असतं," कुणीतरी म्हणालं.

मी सर्वांसमोर सांगितलं की मोजणी माझी चुकली, लांडग्याचा काही दोष नाही. वहीतला आकडा एका रेघेनं खोडला आणि शेजारी लिहिलं, मेंढ्या ८३, सासरे १. फांद्या सुनेनं चुलीसाठी ठेवून घेतल्या.

"पिल्लं किती हायेत, साहेब?" निघताना चहावाल्यानं विचारलं.

"चार."

पुन्हा सगळे हसले. ते हसणं माझ्या मनाला लागलं. त्याच दिवशी उन्हं कलल्यावर मी ओढ्याच्या काठावर दुर्बीण घेऊन बसलो. पिल्लं बाहेर आली, एकमेकांच्या अंगावर पडली, कान ओढू लागली. दोनदा मोजली. मग तिसऱ्यांदा मोजली.

पाच होती. वहीत दुरुस्ती केली आहे. फाट्यावर अजून सांगितलेलं नाही, कारण तिथं कुणी पुन्हा विचारलं नाही.