इंचात शिवलेलं मशीन

नऊ फेब्रुवारी, सोमवार. सहा हजार तीनशे चाळीस रुपये.

एक कंट्रोलर, मशीनच्या तीन मोटरी चालवणारे तीन ड्रायव्हर आणि वीज पुरवणारा एक डबा, एवढ्याची ही रक्कम. टेपमावशींनी ती शिलाईच्या गल्ल्यातून काढून शेजारच्या दुकानातल्या मेकॅनिकसमोर ठेवली. गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपमावशी म्हणायची.

"मावशी, पुन्हा विचार करा," मेकॅनिक म्हणाला. "एवढ्या पैशांत नवं शिलाई मशीन येईल."

"शिलाई मशीन आहे माझ्याकडे. कोरायचं मशीन बंद आहे. तू वस्तू घेऊन ये."

कोरायचं मशीन त्यांच्या भावाचं. तो दुकानांच्या पाट्या करायचा. तो गेला, पाठोपाठ मशीन चालवणारा त्याचा जुना कॉम्प्युटरही गेला, आणि ते हुकमावर आपोआप कोरणारं सीएनसी मिलिंग मशीन जुनी चादर पांघरून मावशींच्या मागच्या खोलीत पडून होतं. त्याची आठवण आत्ताच होण्याचं कारण होतं मावशींच्या यजमानांचा उजवा हात.

यजमान एका वाहतूक कचेरीत बिलं टाइप करायचे. आजारपणानंतर हात थरथरू लागला. एक आकडा दाबायला जावं तर शेजारचे दोन दाबले जात. हेडक्लार्कने शेवटची मुदत दिली होती: दोन मार्चला येऊन दिवसभराची बिलं करून दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मावशींनी इस्पितळात कीबोर्डवर बसवायची एक पट्टी पाहिली होती. प्रत्येक बटणावर एक भोक. बोट पट्टीवर टेकवायचं आणि हव्या त्या भोकात घालायचं. विकत घ्यायला गेल्यावर दुकानदाराने हात वर केले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आपण कोरू."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मशीनचा जुना डबा उघडला आणि वायरींचा गुंता बघून कपाळाला हात लावला.

"थांब, काही उपटू नकोस," मावशी म्हणाल्या. त्यांनी दोऱ्यांची पेटी आणली. सोडवण्याआधी प्रत्येक वायरीला एक दोरा आणि ती निघाली त्या जागेला त्याच रंगाचा दुसरा दोरा. आडवं सरकवणाऱ्या मोटरीला निळे, पुढेमागे नेणारीला पिवळे, खालीवर करणारीला लाल, आणि एकाच मोटरीच्या चार वायरींना एक, दोन, तीन, चार गाठी. मेकॅनिक चेष्टा करत होता, "मोटरीला काजं-बटणंही लावा!" पण नवे ड्रायव्हर जोडताना तो दर वेळी गाठी मोजत होता. तिन्ही मोटरी पहिल्याच फटक्यात योग्य दिशेला फिरल्या. वीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं, हे त्याने मोठ्या मनाने कबूल केलं.

आता कंट्रोलरला एकच सांगायचं उरलं: मोटर फिरवते त्या लांब स्क्रूच्या एका फेरीत मशीन किती सरकतं. मेकॅनिकने हाताने एक फेरी फिरवली, मावशींनी मोजपट्टी धरली.

"पाच मिलिमीटर. बोला!"

"पाच," मावशींनीही मान डोलावली.

पंचवीस तारखेला मशीनने दोन तास घरघरून अॅक्रिलिकची पट्टी कोरली. यजमानांनी ती कचेरीतून मागून आणलेल्या कीबोर्डवर ठेवली. डावीकडची अक्षरं बरोब्बर. मधली जरा सरकलेली. उजव्या टोकाला, जिथे बिलांचे आकडे, तिथे भोकं जवळजवळ सात मिलिमीटर पुढे गेलेली. निम्मी बटणं पट्टीखाली झाकलेली.

पट्टी उचलून यजमानांनी खिडकीत उभी करून ठेवली. "अगं, राहू दे आता," एवढंच म्हणाले, आणि मावशींना तेच जास्त लागलं.

मेकॅनिक कंट्रोलरवर घसरला. "माल फालतू निघाला. दुकानदाराला गाठतो."

"कंट्रोलरवर कशाला खापर फोडतोस? थोडं थोडं वाढत गेलंय. डावीकडे नाही, मध्ये थोडं, शेवटी फार. झालरीच्या चुण्या अशाच फसतात. एक चुणी मोजली की सगळं ठीकच दिसतं. दहा एकदम मोजायच्या असतात. मी चाळीस वर्षं मुलींना हेच शिकवतेय आणि त्या दिवशी मोजपट्टी धरून एकच फेरी मोजली! फिरव, दहा फेऱ्या."

वीज बंद करून त्याने दहा फेऱ्या फिरवल्या. मावशींनी सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत टेप ताणली.

"पाच सेंटिमीटर आणि थोडंसं वर."

"हात हलला असेल."

"माझा?" मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. मग त्यांनी टेप उलटली. दुसऱ्या बाजूला इंच होते. खूण बरोबर दोनच्या रेघेवर. केसाइतकाही फरक नाही.

"अरे, हे मशीन इंचात शिवलंय!"

मेकॅनिकने कॅल्क्युलेटर काढला. दहा फेऱ्यांना दोन इंच, म्हणजे एका फेरीला पाच पूर्णांक आठ शतांश मिलिमीटर. एका फेरीत डोळ्याला न दिसणारा तो फरक कीबोर्डच्या टोकाला सात मिलिमीटर झाला होता. त्याने कंट्रोलरमधला पाचचा आकडा बदलून हा नवा भरला.

शुक्रवारी मेकॅनिकने दुसरा अॅक्रिलिकचा तुकडा आणला. संध्याकाळपर्यंत पट्टी तयार झाली. मावशींनी प्रत्येक भोकाची कड पॉलिश पेपरने घासली आणि स्वतःचं बोट फिरवून पाहिली. यजमानांनी आकडे दाबले. एका वेळी एकच दाबला गेला.

"अहो, जरा हळू. बटणं कचेरीची आहेत," मावशी म्हणाल्या.

दोन मार्चला ते कीबोर्ड आणि पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. चार वाजेपर्यंत बेचाळीस बिलं झाली. हेडक्लार्कने एकूण एक तपासली. घरी येऊन यजमानांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "उद्याचा डबा कर."

दुसरा तुकडा साडेतीनशेचा. मेकॅनिक म्हणतो, फेरी मी फिरवली, पैसे घेणार नाही. मावशी म्हणतात, मोजपट्टी मी धरली होती, निम्मे मी देणार. मावशींकडून मेकॅनिकला एकशे पंच्याहत्तर रुपये अजून देणे आहे.