अक्कांच्या वर्गातलं एक वाक्य

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो सुमित्रा राव यांचा. बंगळूरच्या विद्यापीठात त्या आम्हांला इंग्रजी संभाषण शिकवत. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातल्या; सगळा वर्ग त्यांना अक्का म्हणे. मी जतच्या मराठी शाळेतून आलेलो, कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. पहिल्या दिवशी ओळख करून देताना "माय फादर" एवढं म्हणून मी अडलो.

"काय करतात रे वडील?" अक्कांनी मराठीत विचारलं.

"विहिरीतला गाळ काढतात."

"मग म्हण की, माय फादर गाळ काढतात. थांबायचं नाही. अडलं तिथं आपला शब्द घालायचा आणि वाक्य स्वल्प पुढं ढकलायचं."

मग त्यांनी फळ्यावर 'गाळ' लिहिलं. "ह्याला कुणाकडं काय आहे?" मंड्याचा एक मुलगा कन्नडमध्ये 'हूळु' म्हणाला, कुणी तरी 'सिल्ट' म्हणालं. "बघ, तुझ्या वडिलांचं काम तीन भाषांत झालं," अक्का म्हणाल्या. रोज असंच चाले. हळूहळू आमच्या वाक्यांतले उसने शब्द कमी होत गेले.

दुसऱ्या सत्रात विभागप्रमुख तपासणीला आले. वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं, असा नियम होता. अक्का समोर असतानाच सरांनी मला उठवलं आणि वर्ग कसा चालतो ते विचारलं. मी म्हणालो, "सर, मॅडम अलाऊज अस टू मिक्स मराठी अँड कन्नडा इन एव्हरी क्लास." न अडखळता बोललेलं माझं पहिलं लांब वाक्य.

वर्ग सुटल्यावर अक्कांनी थांबवलं. "कुठंच अडला नाहीस आज. छान बोललास." तो टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या मनापासून बोलत होत्या.

सत्र संपलं आणि अक्कांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. मित्र म्हणाले, "तू खरं तेच सांगितलंस ना?" सहा वर्षं मीही हेच घोकत राहिलो. गेल्या महिन्यात अक्कांना पत्र पाठवलं:

"अक्कांना सादर नमस्कार.

नियम मला माहीत होता. तुमच्या नोकरीवर गदा येईल हेही कळत होतं. चांगलं बोलणाऱ्या दोघांना वरच्या तुकडीत घेणार, असं सरांनी तपासणीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला ती जागा हवी होती आणि ती मिळाली. तुम्ही शाबासकी दिलीत, तेव्हा मी थँक यू म्हणालो.

तुमचा,
दिलीप"