तापायच्या आधी आलेलं चित्र

कॉईलबाई रागावली की आवाज चढवत नसे, खाली आणत असे. म्हणून त्या दुपारी भरल्या खोलीत ती हळूच म्हणाली, "दादा, मागचं झाकण उघड," तेव्हा सूनबाईने हातातला चहाचा ट्रे मुकाट्याने टेबलावर ठेवून दिला.

तिचं सगळं आयुष्य ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात गेलं. केसाएवढी तांब्याची तार, फिरणारा साचा आणि तिची बोटं. तिने गुंडाळलेल्या कॉईली कुणाच्या टीव्हीत जाऊन बसल्या, देव जाणे. पेटी दाराबाहेर गेली की संबंध संपला. टीव्ही जोडायच्या खात्यात बदली द्या म्हणून एकदा ती साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा हात हलका, तुम्ही कॉईलवरच शोभता." ते कौतुक तिला दाताखालच्या खड्यासारखं जन्मभर लागत राहिलं.

घरी तरी काय निराळं होतं? थोरला भाऊ दुरुस्तीचं काम शिकला, पुढे त्याने दुकान टाकलं. ही लहानपणी त्याला पक्कड दे, पेचकस दे करत उभी. तारा जोडायच्या तापलेल्या कैयाला हिने हात लावला की तो म्हणे, "आण इकडे, भाजशील." जसा काही तो स्वतः कधी भाजलाच नव्हता.

निवृत्त झाल्यावर तिने मनाशी ठरवलं, एक आख्खा टीव्ही आपण करायचा. पहिल्या स्क्रूपासून चित्रापर्यंत, दुसऱ्या कुणाचं बोट न लागता. तोही जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. आत काय पेटलंय, काय विझलंय, डोळ्यांना दिसतं तरी. प्रयोगशाळेने मोडीत काढलेल्या एका यंत्राची, बशीएवढ्या गोल पडद्याची काचेची नळी मिळाली, हिरव्या उजेडाची. सांगाड्याचा पत्रा तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर भोकं पाडून तयार केला. सूनबाई पीठ चाळताना म्हणायची, "आई, आज पोळीत पत्रा आला तर मी जबाबदार नाही हं." असल्या टीव्हीसाठी आता कुठलं केंद्र काही पाठवत नाही, म्हणून समोर स्टुलावर एक जुना व्हिडिओ कॅमेरा ठेवला. त्याच्यापुढे जे असेल ते पडद्यावर दिसायला हवं.

दिसत मात्र होती एक आडवी रेघ. उजेड डावीउजवीकडे पसरायचा, वरखाली पसरायचं नाव नाही. तिने व्हॉल्व्ह बदलले, कैयाने टाके पुन्हा घातले, कपॅसिटर काढून नवे लावले. रेघ जागची हलेना. आणि इकडे दादाने परस्पर सगळ्या नातेवाइकांना रविवारचं आवतण देऊन टाकलं होतं. आमच्या बहिणीने टीव्ही बनवलाय, बघायला या.

रविवारी ती देवाला जाऊन आली, तर खोली माणसांनी भरलेली. तिने मनात हात जोडले आणि बटण दाबलं. रेघ तर रेघ, खोटं बोलायचं नाही, सांगून टाकू.

बटण दाबताच चित्र आलं. हिरवं, स्वच्छ, काठोकाठ. खोलीतली सगळी मंडळी पडद्यावर. टाळ्या पडल्या, कुणीतरी तिच्या पाठीवर थाप दिली.

तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर मागच्या जाळीतून व्हॉल्व्हवर होती. त्यांच्यातल्या तारा अजून काळ्या होत्या. त्या तापून लाल व्हायला वेळ लागतो, तोवर चित्र येऊच शकत नाही. गॅस पेटवायच्या आधी दूध उतू जावं, तसलाच हा प्रकार.

"मागचं झाकण उघड, दादा."

"अगं, पाहुणे आहेत."

"म्हणूनच."

झाकण निघालं. तिची गोल नळी फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात सरकवलेली होती, आणि तिच्या जागी काचेमागे दुकानातला एक चपटा छोटा पडदा चिकटपट्टीने लावलेला. दादाने कॅमेऱ्याची वायर थेट त्यालाच जोडली होती. बिचारे व्हॉल्व्ह नुसते शोभेला.

"चार माणसांत तुझं हसं होऊ नये म्हणून केलं गं," दादा म्हणाला. "रेघ बघायला का कुणी येतं?"

"बोलावलं कुणी त्यांना? आणि हसं झालं असतं, तर ते माझं झालं असतं. टाळ्या तुझ्या पडद्याला पडल्या. त्या घेऊन जा."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"माझं भलं तू लहानपणापासून माझ्या हातातून काढूनच घेत आलायस."

कुणी चहा पूर्ण प्यायलं नाही. दादा पडदा काखेत मारून गेला. जाताना चप्पलसुद्धा त्याची धड पायात शिरेना.

दुसऱ्या दिवशी ती त्याच रागात टीव्हीपुढे बसली. नळी जागेवर बसवली. राग नीट पेटला की माणूस कुणालाच सोडत नाही. दादाला शिव्या देऊन झाल्या, साहेबांना झाल्या, आता उरलं कोण? तिने सगळं तपासलं होतं, फक्त उजेड वरखाली पसरवणारी, स्वतःच्या हातची कॉईल सोडून. ती कशी चुकेल? जन्म गेला त्यात.

तिने पुरवठा काढला, साठलेली वीज जमिनीला उतरवली आणि ती कॉईल सोडवून उजेडात धरली. आतले वेढे एका दिशेने, वरचे उलट्या, दोघांचा जोर एकमेकांतच जिरत होता. आठवलं. आतला थर झाल्यावर सूनबाईला टेबल लागलं म्हणून तिने गुंडाळायचं यंत्र उचलून खिडकीशी नेलं होतं, ते तोंड फिरवून. कारखान्यात यंत्र जन्मात हललं नाही, त्यामुळे बोटांनी दिशा बघायची सवयच लावून घेतली नव्हती.

"मूर्ख बाई," ती स्वतःला म्हणाली. आवाज अगदी खालचा. मग वरच्या वेढ्यांची दोन टोकं अदलाबदल करून टाके घातले.

दादा आला तेव्हा ती जेवून हात पुसत होती. दारातच घुटमळला.

"बोलायचं नसेल तर जातो."

"बस त्या स्टुलापुढे. कॅमेऱ्यासमोर."

तो बसला. तिने बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही, मग धूसर हिरवा उजेड वर सरकला, खाली सरकला आणि त्यातून दादाचं डोकं वर आलं. चपटं, कडेला वाकलेलं.

"मान तिरकी आलीय माझी," तो मान वळवून पडद्याकडे बघत म्हणाला.

"पहिल्यापासूनच आहे."

"मागचा एक स्क्रू पिळला की सरळ होईल. देऊ का पिळून?"

तिचा राग गेला नव्हता, आणि इतक्यात जाणारही नव्हता. पडद्यावरचा हिरवा हात उचलला गेला, मागच्या स्क्रूकडे निघाला, मधेच थांबला आणि परत गुडघ्यावर जाऊन बसला. तिने ते दादाकडे न बघता, आपल्या टीव्हीत पाहिलं.