दोन्ही कंपन्यांचे भागधारक

कवळीमास्तरांच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास दचकायचा. एका बाजूला घासायची मोटर, दुसऱ्या बाजूला भिंतभर प्लास्टरचे जबडे. "एवढी मंडळी हसताहेत आणि तुम्ही एकटेच घाबरता होय?" मास्तर विचारायचे. दवाखान्यांतून आलेल्या मापांवरून कवळ्या बनवण्यात त्यांचं आयुष्य याच भाड्याच्या खोलीत गेलं होतं.

आता मालक ती विकायला निघाला होता. "पहिला हक्क तुमचा," तो म्हणाला होता, "पण महिनाअखेरपर्यंतच. पुढे मी मोकळा." खोलीसाठी साठवलेले पैसे मास्तरांकडे होते. म्हणजे, एकेकाळी होते.

त्या दिवसांत शहरात वेगवान इंटरनेटचं वारं शिरलं होतं. एक कंपनी ते टेलिफोनच्या तारेतून घरोघर देणार होती, दुसरी टीव्हीच्या केबलमधून. "मास्तर, यातली एक राज्य करणार," शेअरवाला एजंट म्हणाला. कुठली, असं विचारल्यावर तो पंख्याकडे बघायला लागला. मग मास्तरांनी स्वतःचं डोकं चालवलं, दोन्ही डगरींवर हात ठेवला. अर्धे पैसे तारवालीत, अर्धे केबलवालीत. कुणीही जिंको, आपण जिंकणारच! त्या दिवशी त्यांनी आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

जिंकलं कुणीच नाही. तारवालीने दर उतरवले की केबलवाली फुकट वाटायची. एकीने रस्ता खणायला घेतला की दुसरी कोर्टातून स्थगिती आणायची. खड्डे उघडे राहिले, गिऱ्हाइकं वैतागून गेली आणि दोन्ही शेअर असे घसरले की सकाळी पेपर आला की मास्तर भावाचं पान न उघडताच त्याची घडी घालायचे. एकच आशा उरली होती. दोघी एकत्र येणार अशी कुजबुज होती. तसं झालं तर भाव चढणार आणि खोली वाचणार.

पण आदल्या आठवड्यात केबलवालीच्या सभेत अध्यक्षांनी शत्रूला धूळ चारण्याची भाषा केली. आता तारवालीची सभा होती, आणि इथले अध्यक्ष कोर्टाच्या लढाईसाठी आणखी शेअर काढायचा ठराव मांडत होते, तेही मातीमोल भावात. म्हणजे मास्तरांच्या शेअरची उरलीसुरली किंमतही पाण्यात. ते उठले आणि तडक माइकपाशी गेले.

"साहेब, मी दातांचा कारागीर. वरची कवळी एकाने केली, खालची दुसऱ्याने आणि दोघांचं बोलणं बंद, तर माणसाने जेवायचं कसं? मिटवून टाका. एक व्हा."

सभागृह खदखदून हसलं. अध्यक्षही हसले. "काका, आमचे दात मजबूत आहेत. कुणाला चावायचं तेही ठरलंय!"

टाळ्या पडल्या. एवढ्यावर मास्तर जागेवर जाऊन बसले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण डोळ्यांपुढे खोलीचं दार होतं.

"अहो, तेही अगदी हेच म्हणाले! मी होतो तिकडच्या सभेत. माझे शेअर तिकडेही आहेत. दोन्हीकडचे वकील माझ्याच पैशांवर भांडताहेत हो!"

मग मागच्या रांगांतून, जिथे मघाशी चहा पिताना लोक मास्तरांबरोबर भावाचं रडगाणं गात होते, तिथूनच ओरडा झाला. "तिकडचा माणूस!" "घरभेदी!" "खाली बसवा त्याला!"

मास्तर कसेबसे खुर्चीपर्यंत पोचले. शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कने कानाशी तोंड आणलं. "माझेही आहेत तिकडे. या रांगेत निम्म्यांचे असतील."

"मग उठून बोला ना!"

"तुमचं काय झालं ते बघितलं की आत्ता."

ठराव मताला आला. हात वर होऊ लागले. हेडक्लार्कचाही झाला.

"तुम्हीसुद्धा?" मास्तरांनी विचारलं.

"आता मागे फिरलो तर घातलेलं सगळं गेलं. आणि तुम्हीही करा वर. सगळे तुमच्याकडेच बघताहेत."

खरंच बघत होते. मान वळवून वळवून, डोळे बारीक करून. मास्तरांचे कान तापले. आपण कुणाचे हेर नाही, एवढंच त्या डोळ्यांना दाखवायचं होतं. त्यांनी हात वर केला.

"ठराव एकमताने मंजूर!" अध्यक्ष म्हणाले.

बाहेरच्या व्हरांड्यात नाणं टाकायचा फोन होता. मास्तरांनी घरी लावला.

"जुळतंय का हो त्यांचं?" बायकोने विचारलं.

"नाही."

"पण तुम्ही विरोधात बोललात ना? मत तरी दिलंत ना विरोधात?"

मास्तरांनी खिशातून आणखी एक नाणं काढून फोनमध्ये टाकलं.

"मालक आलेत. दारात उभे आहेत. काय सांगू?"

"सांग... खोलीला गिऱ्हाईक आणायचं तर आणा म्हणावं."

तिने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला टेकवला. दाराकडे जाणारी तिची चप्पल मास्तरांना ऐकू आली. मग तिचा आवाज, रोज येणाऱ्या माणसाशी बोलावा तसा. "आणा म्हणताहेत. तुम्ही आत तरी या, बसा. चहा टाकते."