धुरींनी मागून उचललेली गाडी

"कांबळे मॅडम, डॅशबोर्डवरचा लाइट तेवढा घालवून द्या. बाकी गाडी झकास आहे," असं म्हणत धुरींनी चावी माझ्या टेबलावर ठेवली. बाकी गाडी झकास आहे असं जो सांगतो, त्याच्या गाडीचा मी आधी वास घेते. बाहेर आले. मागच्या चाकांपाशी जळक्या तेलाचा वास येत होता.

मी मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस मॅनेजर आहे. धुरी आमचे जुने कस्टमर, विमा कंपनीत अधिकारी, मूळचे कणकवलीकडचे. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह. म्हणजे एरवी पुढची चाकं गाडी ओढतात, पण गरज पडली की मागच्या चाकांनाही इंजिनाची ओढ मिळते. आमच्या घरी गणपती नसतो, पण श्रावण अर्धा सरला की वर्कशॉपमध्ये कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जत्रा भरते. त्या जत्रेत धुरी दरवर्षी पुढे. भावकीत गणपतीची पाळी घरोघर फिरते, आणि यंदा ती धुरींकडे आलेली. त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

गाडीही वरच चालली होती, फक्त मागून. मी वाकून बघितलं. पुढचे टायर कंपनीचे. मागचे कोरे करकरीत, रुंदीला जास्त आणि उंचीलाही मोठे.

"हे कोणी बसवले?"

"मालाडला एकाकडे. मागून कशी भरदार दिसते ना?"

"दिसते. लाइट कधी लागला?"

"काल पनवेलपर्यंत ट्रायल मारली. परत येताना मानखुर्दला लागला. वळताना जरा गुरगुरते पण. नवीन टायर आहेत, होतील सवयीचे."

नवी चप्पल चावते तसं टायरचं नसतं. पण तोंडावर एवढं बोलायचं नाही असा आमच्या मालकांचा, म्हणजे मेहताशेठांचा, नियम आहे. मी खडू मागवला. पुढच्या आणि मागच्या टायरवर, जिथे ते जमिनीला टेकले होते तिथे, एकेक रेघ मारली. मग गाडी न्यूट्रलला टाकून सगळ्यांनी ढकलली. पुढची रेघ एक फेरा पुरा करून पुन्हा जमिनीला टेकली. मागची अजून खाली यायचीच होती.

"बघा, तुमच्या मागच्या चाकांना कसली घाई नाही," मी म्हणाले.

धुरी हसले. त्यांना अजून तो टायरचा मोठेपणा वाटत होता.

मी समजावलं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणून तेवढ्याच रस्त्याला त्याला कमी फेरे लागतात. गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं एक कपलिंग असतं. त्यात क्लचच्या प्लेटी, तेलात बुडालेल्या. वळताना पुढची-मागची चाकं थोडी कमीजास्त फिरतातच, तेवढं ते सहन करतं. पण इथे फरक सरळ रस्त्यावरही, सतत. शिवाय गाडीतल्या कॉम्प्युटरला दिसतं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा भराभर फिरतायत. तो समजतो, पुढची चाकं चिखलात घसरली. मग तो बिचारा मदत म्हणून कपलिंग आवळतो. प्लेटी घासतात, तेल तापतं, आणि लाइट लागतो.

"म्हणजे काल सायन-पनवेल हायवेवर तुमची गाडी भाताच्या खाचरात रुतली होती. तिच्या मते."

"पण मोठमोठ्या जर्मन गाड्यांना मागे जाडे टायर असतात, कंपनीतूनच!" धुरी हार मानणाऱ्यातले नव्हेत.

"जाडे असतात, उंच नसतात. रुंदी वेगळी ठेवून एकूण उंची जुळवलेली असते. तुमच्या मालाडवाल्याने फक्त जाडी बघितली."

"नाही, त्याचा काही दोष नाही. उंच मीच मागितले." धुरींचा आवाज जरा खाली आला. "डिकी भरली की गाडी मागून बसते हो. हेडलाइट झाडांवर जातो. म्हटलं मागून उचलून घेऊ."

मी टायर मापले. एवढा उपद्व्याप करून गाडी एका बोटाच्या जाडीएवढी उचलली गेली होती.

"डिकीत नेताय काय एवढं?"

"लादी."

"कसली लादी?"

"बाथरूमची."

लोक गावाला मखर नेतात, मिक्सर नेतात, जुना टीव्ही नेतात. धुरी बाथरूम नेत होते. शिवाय बायको, दोन मुलं, आणि आजी. आजी म्हणजे धुरींच्या आई. डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना त्याही सोबत आल्या होत्या आणि माझ्या केबिनबाहेर खुर्चीत बसून चहा पीत होत्या.

एवढ्यात मेहताशेठ आले. "मॅडम, घरचा माणूस आहे. काहीतरी जुगाड करून द्या ना."

धुरींनी लगेच संधी साधली. "मालाडवाला म्हणतो, फ्यूज काढला की लाइटही जातो आणि मागची ओढही. झंझटच नाही."

"मग ओढ फक्त पुढच्या चाकांना. डिकीत लादी, म्हणजे पुढचं तोंड हलकं. ओला घाट, चढ, आणि गाडी ओढणारी चाकंच नीट टेकलेली नाहीत. शेठ, अशी गाडी सोडायला मी सही नाही करणार."

मेहताशेठांना धंदा कळतो आणि माझी सहीही कळते. ते फोन आल्यासारखं करून निघून गेले.

धुरी चिडले. "मग मी करू काय? वजन कमी करायचं तर एकच. आईला एसटीने पाठवतो, मुलगा जाईल सोबत. एवढ्याने लादी बसते."

मी काही बोलायच्या आत केबिनबाहेरच्या खुर्चीतून आवाज आला. "रे झिला, आवशीक येष्टीत घालतलंस आनि लादये गाडयेत बसयतलंस? लादये काय आरती म्हनतले?"

आमचा अख्खा फ्लोअर हसला. मीही हसले. धुरी मात्र हसले नाहीत. ते आईजवळ गेले आणि एवढंसं तोंड करून म्हणाले, "आये, गेल्या वर्षी न्हाणीत पडलीस ती विसरलीस? सहा महिने मी तुला उचलून बसवत होतो. तिथली फरशी शेवाळासारखी झालीय. ही खरखरीत लादी बसल्याशिवाय मी तुला तिथे पाय टाकायला देणार नाही. मग लादी नको न्यायला?"

आजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माका गनपती बघूचो असा. फुडल्या पाळयेक मी असान की नाय, तुका ठाव हा?"

फ्लोअरवरचं हसू थांबलं. मलाही माझ्या चेष्टेचं वाईट वाटलं. एवढा वेळ मी ज्याला हौस समजत होते, ती या माणसाची धास्ती होती. आईला न्यायचं तर लादी हवी, लादी न्यायची तर आई बसत नाही, म्हणून त्याने चाकं मोठी केली होती.

"धुरी, आजींसारखे लादीच्या डोळ्यांत कोणी थेंब घालत नाही ना? तिला एकटीला जाऊ द्या," मी म्हणाले. "ट्रक कणकवलीला रोज जातात. आज टाकली तर गणपतीच्या कितीतरी आधी पोहोचेल. गवंड्याला फोन करा. जुने टायर कुठे आहेत?"

"गॅलरीत."

जुने टायर दुसऱ्या दिवशी आले. पुढच्यांच्या जोडीने झिजलेले, म्हणजे उंची जुळणारी. कपलिंगचं तेल काढलं तर काढ्यासारखं काळं, पण प्लेटी वाचल्या होत्या. तेल बदललं, लाइट गेला. टायरमध्ये हवा भरली ती भरलेल्या गाडीच्या आकड्याने. तो आकडा वेगळा असतो आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तो वाचणारा कस्टमर मला अजून भेटायचा आहे. मग मी स्वतः मानखुर्दपर्यंत गाडी नेऊन आणली. गुरगुर नाही, वास नाही. गावाला निघताना आजी पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि डिकीत फक्त मखर होतं.

विसर्जनानंतर धुरींचा गावाहून फोन आला.

"गाडी कशी आहे?" मी विचारलं.

"गाडी मस्त. लादीपण वेळेत पोहोचली."

"मग बसली का?"

"कुठली! गणपतीच्या तोंडावर कोकणात गवंडी मिळतो का मॅडम? खोके अजून पडवीत आहेत."

"आणि आजी?"

"रोज एक सून न्हाणीत, एक दाराशी. वहिनी म्हणाली, एवढी बायकामाणसं घरात असताना तू लादी कसली आणतोस? एकदापण पाय घसरला नाही. आरतीला तर पहिल्या रांगेत." मग ते म्हणाले, "लादी बसली काय आणि राहिली काय, मॅडम, आईला आणलं ते बरं झालं."

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला चारही चाकं एका उंचीची लागतात. गाडी मागून बसत असेल तर आधी डिकी उघडा. आणि वजन कमी करायचंच असेल तर सुरुवात माणसांपासून करू नका.