रविवारचा हातोडा

मिस्तरींच्या बायकोच्या अंत्यप्रार्थनेला सगळी गल्ली जमली होती. बाई गेलेल्या नव्हत्या, एवढीच काय ती अडचण होती.

चूक सगळी आमचीच, असंही म्हणता येत नाही. मिस्तरी सुतार. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शवपेट्या तेच करतात. रविवारी मात्र हत्याराला हात लावत नाहीत. प्रभूचा दिवस म्हणजे प्रभूचा. खुद्द पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरचं दार निखळलं, तरी ते सोमवारपर्यंत भिंतीला टेकूनच राहतं. अपवाद एकच, कोणी गेलं तर. मेलेल्याला उद्या या म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रविवारी त्यांचा हातोडा वाजला की बायका आधी कपाटातून काळे कपडे बाहेर काढतात आणि मग 'कोण?' म्हणून विचारतात.

त्या रविवारी कोणी विचारलंसुद्धा नाही. मिस्तरींची बायको पक्षाघाताच्या झटक्यानं वर्षभर पलंगावर पडून होती. बोलणं नाही, ओळख नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. मिस्तरी रोज सकाळी तिचे केस विंचरायचे, उशाशी बसून प्रार्थना करायचे आणि कामाला लागायचे. तक्रारीचा चकार शब्द नाही. हे बघून लोकांना त्यांच्याबद्दल आदर वाटे, आणि थोडा वैतागही येई. धाकट्या मेहुणीला तर फक्त वैतागच येई.

"भावजी, चांगल्या फळ्या बाजूला काढून ठेवा. ऐनवेळी धावाधाव नको."

"देवानं अजून काम सांगितलेलं नाही."

"किती वाट बघणार?"

"तो बोलेपर्यंत."

"आणि नाहीच बोलला तर?"

"मग घाई नाही असं समजायचं."

तर त्या दुपारी मागच्या पडवीत हातोडा वाजला. पाळक जेवणावरून तसेच उठून आले. मेहुणीनं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. खोली माणसांनी भरली. पलंगाकडे नीट कोणी पाहिलं नाही. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, आणि मेलेलं माणूस दुसरं काय करतं? पाळकांनी पुस्तक उघडलं.

कालवा ऐकून मिस्तरी आत आले. अंगावर भुसा, हातात हातोडा. त्यांनी काळे कपडे पाहिले, पाळकांचं पुस्तक पाहिलं. आम्हाला वाटत होतं, यांना ठाऊक आहे. त्यांना वाटलं, आम्हाला ठाऊक आहे.

"गेली?"

घरचाच माणूस हे विचारतो म्हटल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. हातोडा खाली पडला. मग त्या माणसानं आढ्याकडे तोंड केलं आणि तो ओरडला,

"न्यायचीच होती तर सकाळी पाय कशाला हलवलास तिचा? वर्षभर तोंड मिटून बसलो मी! एक शब्द बोललो नाही तुला! आणि जरा खुर्ची करायला वळलो, तेवढ्यात डाव साधलास? लाज नाही वाटत तुला?"

पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला. एका बाईनं कानांवर हात ठेवले.

झालं होतं असं, की सकाळी उपासनेची गाणी खिडकीतून आत आली आणि बायकोच्या पायाचा अंगठा हलला. वर्षभर धीर धरलेल्या माणसाला सोमवारपर्यंत धरवेना. पुढच्या रविवारी तिला उपासनेला न्यायचं म्हणून ते चाकांची खुर्ची ठोकत बसले होते.

"अहो," पलंगावरून आवाज आला. जड, फाटका. "देवावर... ओरडताय काय?"

पाळकांच्या तोंडून 'आमेन' निघालं. ते कशाबद्दल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंचे डोळे उघडे होते आणि त्या नवऱ्याकडे बघत होत्या, सरळ, रागानं.

आता त्या चार-दोन शब्द बोलतात. डॉक्टर म्हणतात, क्वचित होतं असं. दोन-तीन दिवसांनी मिस्तरी पाळकांकडे गेले. मीही तिथेच होतो.

"वर्षभर गप्प होतो तेव्हा काही नाही. वाटेल ते बोललो, आणि ती बोलली. हे काय समजायचं?"

"मला नाही माहीत," पाळक म्हणाले. "पण मंडळीत सांगू नका. रविवारी सगळेच ओरडायला लागतील."

मिस्तरी हसले नाहीत.

"ते जाऊ द्या," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझा विश्वास पक्का आहे. पण तुम्हा लोकांचे नुसते कपडे बघितले आणि ती गेली हे मी मानून मोकळा झालो. वळून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."