पोच घेतलीस का गो?

आमच्या तळमजल्यावरचे काका शेजारणीला तिचा रिकामा डबा परत देतानाही विचारायचे, "पोच?" म्हणजे मिळाल्याची सही. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर उभी हयात गेलेला माणूस. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे. सोसायटीच्या सेक्रेटरीला 'पाणी येत नाही' हे कळवायलाही दोन प्रती. "यांनी लग्नात मंगळसूत्राची पण काकूंकडून सही घेतली असेल," असं मी एकदा जिन्यात सगळ्यांसमोर म्हटलं. काका हसले. "घ्यायला पायजे होती. आता ती नाय म्हणते."

माझी जीभ आधीपासूनच तिखट. मी म्हणायचे, माणसाच्या शब्दावर विश्वास नको का काही? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "विश्वास हाय गो. पण माणसाची बदली होते, कागदाची नाय होत."

मग मुक्ताचं मशीन बंद पडलं. मुक्ता माझी मुलगी, चार वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून आत एक भाग बसवलेला आणि कानामागे बाहेरून लावायचं मशीन. दोन्ही मिळून तिला ऐकू यायचं. त्यापायी माझ्या अंगावरचं सोनं गेलं, त्याचं काही नाही. ती "आई, पाणी" म्हणायला लागली होती हो! आणि एका सकाळी मशीनचा दिवा लागला नाही तो नाहीच.

ठाणा नाक्याजवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्यानं कॉम्प्युटरात बघितलं. "वॉरंटी गेल्या महिन्यात संपली, मॅडम." दुरुस्तीचा आकडा माझ्या वर्षभराच्या घरखर्चाएवढा. मी म्हटलं, अहो, दोन महिन्यांपूर्वी मी इथेच आले होते, मधेच बंद पडतंय म्हणून! तुमच्याच माणसानं फुंकर मारून, पुसून परत दिलं. "त्याची काही रिसीट?" कसली रिसीट? बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, मशीनशिवाय दिवस जाऊ देऊ नका, आलेले शब्दही जातील. मुक्ता माझ्या ओठांकडे टक लावून बघायची आणि काही कळलं नाही की मला चापट्या मारायची.

काकांनी सगळं ऐकलं आणि माझ्यावरच उखडले. "तोंडी तक्रार म्हंजे पाण्यावरची रेघ! एवढी शिकलेली तू!" मी रडायला लागले तसा त्यांचा आवाज उतरला. मग एकदम म्हणाले, "त्या इमारतीत शिरताना वॉचमन वहीत लिवायला लावतो का?" लावतो की. "कशाला आलीस ते पण लिवलं होतंस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनला चहा पाजला, नोकरीतल्या चार गोष्टी सांगितल्या आणि जुनी वही काढायला लावली. मी एकेक पान उलटत गेले. सापडलं! माझंच गिचमिड अक्षर: 'मुलीचे कानाचे मशीन मधेच बंद पडते.' तारीख, वेळ, सही. वॉरंटी तेव्हा शिल्लक होती. काकांनी त्या ओळीवर ठेवलेलं बोट बराच वेळ उचललंच नाही.

पत्र मी लिहिलं, त्यांनी निम्मं खोडलं. "कागदावर रडू नको. तारखा लिव." बिघाड मुदतीतला आहे, मुदतीत दाखवलेला आहे, तेव्हा मोफत दुरुस्त करून द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. एवढंच उरलं. सोबत वहीच्या पानाचा फोटो.

सेंटरच्या मॅनेजरनं पत्र वाचलं, फोटो पाहिला आणि म्हणाला, "ठेवून जा." काकांनी दुसरी प्रत पुढे केली. "पोच."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"मग 'घेणार नाय' असं लिवून द्या. तेही चालंल." आणि बसले खुर्चीत. अर्धा तास गेला, तास गेला. मुक्ता माझ्या मांडीवरून उतरून काउंटरशी खेळत होती. तेवढ्यात कुणाची तरी स्टीलची बाटली अगदी तिच्या मागे फरशीवर आदळली. आख्खी खोली दचकली. मुक्ता तशीच खेळत राहिली.

मॅनेजरनं ते पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला. "मॅडम, माणुसकी म्हणून मी वरती बोलतो, होईल काहीतरी. हे पत्र तेवढं परत घ्या." मी हात पुढे केला. काकांनी पत्रावर पंजा ठेवला. "माणुसकीचे उपकार हायत साहेब. पण शिक्का द्या."

त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. "तुमच्या शिक्क्यानं पोर बोलणार आहे का माझी?" मी सगळ्यांदेखत ओरडले. काका हळू आवाजात म्हणाले, "उपकार म्हणून घेतलंस तर पुढच्या बिघाडाला परत हात पसरशील. तिला जन्मभर लागणार हाय हे." पंजा काही हलला नाही. शेवटी मॅनेजरनं ड्रॉवर उघडला आणि कागदावर शिक्का आपटला.

घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यानंतरही नाही. सेंटरमधून फोन येईना. मेल्या म्हाताऱ्यानं तोंडचा घास घालवला, असं मनात म्हणत मी त्यांच्या दारावरून मान फिरवून जायचे. ते दारात उभे असायचे. सहाव्या दिवशी सकाळी अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

नवव्या दिवशी फोन आला. नवं मशीन मिळालं, सोबत नव्या मुदतीचा कागद. 'आपल्या पत्रास अनुसरून' असं त्यावर लिहिलं होतं. माणुसकीचं नावही नव्हतं. सेंटरमधल्यांनीच ते मुक्ताच्या कानामागे लावून दिलं. रिक्षात ती दमून माझ्या खांद्यावर डोकं टाकून गप्प पडली होती, तशीच मी तिला घेऊन जिन्याशी आले. काकांचं दार उघडं होतं, आत काकू एकट्याच बसल्या होत्या. मला पुढे पाऊल टाकवेना. भिंतीला टेकले आणि हुंदका आवरेना.

"आई रडते," मुक्ता म्हणाली.

तिचं तोंड माझ्या पाठीकडे होतं. माझा चेहरा तिला दिसत नव्हता.